ठिकाण कळत नाही

गेल्या वर्षी इथल्याच, साताऱ्यातल्या एका फोटोस्पर्धेत ‘निसर्ग’ गटात मी वायतुऱ्याच्या फुलाचा फोटो दिला होता. पहिल्याच फेरीत उडाला. परीक्षक सज्जन माणूस, चहाच्या वेळी आपणहून जवळ आले. म्हणाले, “फोकस, प्रकाश, सगळं झकास आहे हो तुमचं. पण ठिकाण कळत नाही. हे कुठंही काढता आलं असतं.”

मी मान डोलावली, क्रीमरोल संपवला आणि गाडीला किक मारली. घरी येईपर्यंत त्यांना जी उत्तरं दिली ती सगळी हेल्मेटच्या आतच राहिली.

कारण वायतुरा कुठंही येत नाही. त्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. आडनावच सातारकर म्हणा ना. कासच्या पठारावर आणि सह्याद्रीतल्या अशाच मोजक्या सड्यांवर, पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ पाण्यात तो उगवतो. पाण्याबाहेर एक बारीक दांडा, त्याला टोकाशी इंग्रजी वायसारखा फाटा आणि दोन्ही फाट्यांवर फिकट जांभळी फुलं दाटीनं बसलेली. बाकी जगात शोधा, मिळायचा नाही. पहिला नंबर मिळालेला फोटो मात्र पहाटेच्या धुक्यातून वर आलेल्या डोंगरांच्या सहा-सात निळ्या ओळींचा होता. सुंदरच होता, खोटं कशाला बोलू. पण तो ताम्हिणीचा, मुन्नारचा की उत्तराखंडातला, हे खालची चिठ्ठी वाचल्याशिवाय मला तरी सांगता आलं नसतं. मग ठिकाण नेमकं कुणाचं कळत नव्हतं?

असो. हा राग वर्षभर पुरला. त्यातूनच हे लिहायला बसलोय. मला जवळचंच का काढावंसं वाटतं, लांबचं का नाही, हे एकदा स्वतःशी नीट लावून बघावं म्हणून.

माझं चष्म्याचं दुकान आहे. राजवाड्याकडं. आधी ते वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं होतं. क्वार्ट्झची घड्याळं आली, मग स्वस्त झाली, मग लोक दुरुस्त करायच्या ऐवजी नवीनच घ्यायला लागले, तसे वडिलांनी शोकेसच्या एका बाजूला फ्रेमी लावल्या आणि हळूहळू घड्याळं मागच्या खणात गेली. पण माझ्या लहानपणी ते डोळ्यात भिंग अडकवून बसलेले असायचे. भिंग नुसतं भुवई आणि गालाच्या पकडीत. हात मोकळे. त्या अवस्थेत गिऱ्हाइकाशी बोलायचे तेव्हा एक डोळा माणसाकडं आणि एक डोळा बॅलन्स व्हीलकडं.

आणि अशा घरात माझे डोळे खराब आहेत हे पाचवीपर्यंत कुणाला कळलं नाही. दिव्याखाली अंधार. मी फळ्यावरचं वाचत नसे, शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवत असे, आणि सगळे म्हणत, पोरगं आळशी आहे. शेवटी नंबर निघाला तो मायनस साडेचार. हा आकडा लोकांना कधी कळत नाही, म्हणून सांगतो. एक मीटरला साडेचारानं भागायचं. उत्तर येतं बावीस सेंटीमीटर. म्हणजे चष्म्याशिवाय मला डोळ्यापासून बावीस सेंटीमीटरपर्यंतचं स्वच्छ दिसत होतं आणि त्यापुढचं सगळं जग पुसट. बावीस सेंटीमीटर म्हणजे एक वीत. दहा वर्षांचा होईपर्यंत मी त्या वीतभर जगात राहिलो.

आणि वाईट नव्हतं हो ते. मुंगळ्याच्या पायावर केस असतात हे मला तेव्हा माहीत होतं. शेवग्याच्या फुलात आत काय काय असतं, वडिलांच्या मनगटावर सालपटासारखी एक खूण आहे, आजीच्या नऊवारीच्या काठात एक धागा चुकून हिरवा आलाय. अजिंक्यतारा मात्र माझ्या लेखी एक करडा ढग होता. पाऊस नसतानाही न हलणारा.

चष्मा लागला त्या दिवशी वडिलांनी मला दुकानाबाहेर उभं केलं आणि म्हणाले, “बघ.” किल्ला दिसला. तटबंदी दिसली, झाडं वेगवेगळी दिसली. माझ्या चेहऱ्यावर आनंद बघायला ते थांबले होते. मी म्हणालो, “एवढा लांब आहे?”

आता वय एक्कावन्न आणि नंबर मायनस सहा. चाळिशीनंतर बाकीच्यांचे हात लांब होत जातात, पेपर पुढं धरायला लागतात. आमच्यासारखे मायनसवाले मात्र चष्मा कपाळावर चढवतात आणि वाचतात. सहाला सोळा-सतरा सेंटीमीटर. वीत आखडून टीचभर झाली, एवढाच फरक. दुकानात रोज प्रोग्रेसिव्ह काचा विकतो. वर लांबचं, खाली जवळचं आणि मध्ये एक अरुंद पट्टा मधल्या अंतराचा. परत येणारं गिऱ्हाईक बहुतेक त्या मधल्या पट्ट्याचीच तक्रार घेऊन येतं. मी स्वतः त्या काचा वापरत नाही. मला सवय झाली नाही.

तर, कास. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास आलं, आणि सप्टेंबरातल्या रविवारी आमचा यवतेश्वरचा घाट तुंबायला लागला. मी शक्यतो मंगळवारी जातो, दुकानाला सुट्टी असते तेव्हा. उजाडता.

येणारे लोक शोधतात ते गालिचे. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा. फोटोत पाहिलेले गालिचे प्रत्यक्षात हवेत तसे नाही दिसले की हिरमुसतात. “एवढंच?” हा शब्द मी त्या पठारावर जितक्या वेळा ऐकलाय तितका दुकानात बिल दिल्यावरसुद्धा ऐकला नसेल. त्यांचं चुकतं असं नाही. उभ्यानं बघितलं तर बरेचदा खरंच एवढंच असतं. खाली जांभा दगड, त्यावर माती कुठं बोटभर, कुठं तेवढीही नाही. पाऊस त्यातलं सत्त्व धुऊन नेतो. असल्या जमिनीत वाढायचं तर झाडाला काहीतरी वेगळी युक्ती लागते, आणि ती युक्ती उभ्यानं दिसत नाही.

मी मळलेल्या वाटेच्या कडेला उघडा खडक शोधतो, खाली प्लास्टिकचं पोतं टाकतो, चष्मा दोरीनं गळ्यात सोडतो आणि पालथा पडतो. मग ते टीचभर जग सुरू होतं. सीतेची आसवं म्हणजे लांबून निळ्या-जांभळ्या रंगाचा नुसता फवारा. नाकाशी आल्यावर कळतं की एकेक फूल नखाएवढं आहे, मधोमध पांढरट फुगवटा आहे आणि त्यावर जांभळ्या रेघांचं जाळं आहे, जुन्या माणसाच्या डोळ्यातल्या शिरांसारखं. एवढं नाजूक नाव, आणि बाई मांसाहारी. मातीखाली तिच्या बारीक बारीक पिशव्या असतात. ओल्या मातीतला एखादा सूक्ष्म जीव तोंडाशी आला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढून घेते, पापणी लवायच्या कितीतरी आधी. शेजारी दवबिंदू असतो. त्याच्या पानांवर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. सकाळी नऊनंतर बाकीचं दव उडून जातं, याचं तसंच राहतं. त्यावरनं ओळखायचं. पाणी पाहिजे म्हणून आलेलं चिलट त्यात अडकतं आणि पान सावकाश त्याच्याभोवती वळतं.

हे काढायला माझ्याकडं 105 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आहे. 2014 मध्ये एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून सेकंडहँड घेतली. तो त्यावर मंगळसूत्राच्या वाट्या आणि मेंदी काढायचा. पूर्ण जवळ गेलं की चौकटीत मावतो साधारण 24 बाय 16 मिलिमीटरचा तुकडा. टपालाचं तिकीट. त्यातसुद्धा लेन्सचं तोंड बरंच बारीक करून, एफ आठला, फोकसमध्ये येणारी जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. मी श्वास घेतला तरी फोकस जातो. आणि वारा तर पठाराचा मालकच. दहा-बारा मिनिटं पडून राहावं लागतं, मग मध्येच वारा दम खातो, दोन सेकंद सगळं थांबतं, तेवढ्यात काय ते. ट्रायपॉड एवढा खाली जात नाही म्हणून कॅमेऱ्याखाली ठेवायला हिनं जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवून दिलीय, आत ज्वारी भरून. एका सप्टेंबरात ती भिजली, मी तशीच बॅगेत ठेवून विसरलो. पुढच्या मंगळवारी बॅग उघडली तर लेन्सच्या शेजारी ज्वारीला हे एवढाले मोड. हिनं विचारलं, “आता ह्याचाही फोटो काढणार का?” काढला. बरा आलाय.

माझ्या या सगळ्याला नाकं मुरडणारा एक मित्र आहे. भूगोलाचा मास्तर, आता निवृत्तीला आलाय. त्याची सगळी निष्ठा रुंद लेन्सवर. डोंगरदऱ्यांचे फोटो काढणारा अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स हे त्याचं दैवत. शाळेत भूगोलाच्या वर्गात योसेमिटीच्या कड्यांचा फोटो लावलाय. त्या ॲडम्सनंसुद्धा झाडांच्या पानांचे जवळून सुरेख फोटो काढलेत असं मी त्याला दाखवलं, तर म्हणाला, “मोठा माणूस कधी कधी खाली वाकतो. तू उठतच नाहीस लका.”

त्याच्यामुळं मी हरिश्चंद्रगडावर चार वेळा गेलोय. कारण एकच, कोकणकड्यावरचं इंद्रवज्र. सकाळी ऊन पाठीवर असावं आणि कड्याखाली कोकणाच्या बाजूला धुकं भरलेलं असावं, मग त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं. साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1835 साली छापलेल्या निबंधात हरिश्चंद्रगडावरच्या या गोल धनुष्याची नोंद आहे. मास्तरला ते अजून एकदाही दिसलेलं नाही. चारही वेळा एकतर धुकं नव्हतं, नाहीतर नुसतं धुकंच होतं.

पहिल्या वेळी मी खरंच हादरलो होतो. कडा म्हणजे भिंत नव्हे, तो आतल्या अंगाला गेलेला आहे, नागानं फणा काढावा तसा. काठाशी उभं राहिलं की पोटात जे होतं ते मी चारही वेळा अनुभवलंय. आणि तेच फोटोत येत नाही. मास्तरची 10 मिलिमीटरची लेन्स लावून बघितलं. सगळा कडा एका चौकटीत बसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बसला तो नीट घडी घालून ठेवल्यासारखा. रुंद लेन्सचं हेच आहे, पायाजवळचा धोंडा डोंगराएवढा होतो आणि डोंगर धोंड्याएवढा. पोटातला खड्डा गेला कुठं? एकशे चाळीस फोटो काढले आणि घरी येऊन लावले, तर इंटरनेटवर आधीच असलेल्या हजारो फोटोंमध्ये माझे एकशे चाळीस मिसळून गेले. माझेच मला ओळखू येईनात.

त्या फेरीतला एक फोटो मात्र मी ठेवलाय. कड्यावर खाली बघायची रीत अशी की उभ्यानं बघायचं नाही, पालथं पडायचं, सरपटत काठापर्यंत जायचं आणि फक्त डोकं बाहेर काढायचं. पाय धरायला मागं एक माणूस. वर्षानुवर्षं माणसं त्याच त्या दोन-तीन ठिकाणी पालथी पडत आलीत, त्यामुळं तिथला दगड छाती टेकते तिथं गुळगुळीत झालाय. देवळाच्या उंबऱ्यासारखा. माझी पाळी आली तेव्हा मी आडवा पडलो आणि खाली बघायच्या आधी नाकासमोरचं बघितलं. फटीत शर्टाचं एक बटण पडलेलं होतं. पांढरं, चार भोकांचं, एका भोकात दोरा तसाच. कुणीतरी माझ्याआधी इथं पोटावर सरपटलं होतं, त्याच्याही पोटात हाच खड्डा पडला असणार. मी त्याचा फोटो काढला. मागून माझे पाय धरलेला मास्तर ओरडत होता, “खाली बघ की, कडा खाली आहे!”

तो फोटो बघितला की मला तळहाताला घाम येतो. एकशे चाळिसांपैकी दुसऱ्या कशानं येत नाही.

एलियट पोर्टरचं नाव मला फार उशिरा कळलं. अमेरिकन माणूस, हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकला, तिथंच शिकवत होता, मग ते सोडून कॅमेऱ्याच्या नादी लागला. पक्षी काढायचा, रंगीत फोटोंना कुणी कलेत धरत नव्हतं तेव्हा रंगीत काढायचा. 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचं प्रदर्शन भरलं, त्याचं नावच ‘इंटिमेट लँडस्केप्स’. आभाळ नाही, क्षितिज नाही. ओल्या खडकावर पडलेली पानं, पाण्यात हललेला रंग, शेवाळ. मास्तरला मी ते फोटो मोबाईलवर दाखवले. “छान आहेत, पण हे अंगण आहे रे, देश नाही,” म्हणाला. वाक्य चांगलं होतं. त्यावर मला लगेच काही सुचलं नाही.

पण पोर्टरचं जे मला धरून बसलं ते वेगळंच आहे. कोलोरॅडो नदीवर धरण होणार होतं आणि ग्लेन कॅनियन नावाची अख्खी दरी पाण्याखाली जायची होती. त्याआधी तो बोटीनं तिथं गेला, पुन्हा पुन्हा गेला. त्याला दिसलं ते भिंतींवरचे पाण्याचे ओघळ, कोपऱ्यात उगवलेलं एखादं झाड, वाळूवरच्या रेघा. 1963 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी चढायला लागलं.

साधारण त्याच वर्षांत इकडं कोयनेचं पाणी चढत होतं.

आमचं मूळ गाव त्यात आहे. बामणोलीच्या पलीकडं, सोळशीच्या काठाला. कास ओलांडून पुढं उतरलं की शिवसागर दिसतो, कोयना, सोळशी, कांदाटी सगळ्या पोटात घेऊन डोंगरांच्या खाचाखाचांत शिरलेला. लोक गाडी थांबवतात. थांबवावी असंच आहे ते. मीही तिथून फोटो काढलेत, संध्याकाळचे, पाण्यावर सोनं वगैरे. आमच्या घरात त्याला ‘सागर’ कुणी म्हणत नसे. आजी म्हणायची, “पानी आलं तवा.” जसं पटकी आली तवा, प्लेग आला तवा. वडील लहानपणीच साताऱ्याला घड्याळवाल्याच्या हाताखाली आले होते. आजी आणि आत्या शेवटपर्यंत तिथं होत्या. आत्या सहा-सात वर्षांची. त्या गावाचा एकही फोटो नाही. कॅमेरा होता कुणाकडं?

2009 च्या मे महिन्यात मी आजीला तिकडं घेऊन गेलो. ती ऐंशी पार केलेली. मी नवीन डिजिटल कॅमेरा घेतला होता, सोबत आलेली 18-55 ची लेन्स. वरच्या रस्त्यावर गाडी थांबवून आधी तलावाचे चाळीसेक फोटो काढले. मागच्या पडद्यावर तिला दाखवले. तिनं कॅमेरा डोळ्याशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि विचारलं, “ह्यात आपलं घर कुटं हाय?”

मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं. बोटवाल्यानं आम्हाला पलीकडं नेलं, पुढं मी आणि त्यानं तिला दोन्ही बाजूंनी धरून चिखल ओलांडला. भेगाळलेली गाळाची जमीन, तीत कुठं कुठं झाडांचे काळे बुंधे, कुठं जोत्यांचे दगड एका ओळीत. माझ्या दृष्टीनं सगळीकडं सारखंच. आजी मात्र चालताना मध्येच डावीकडं वळायची, वाट असल्यासारखी. एका ठिकाणी थांबली, वाकली आणि हातानं गाळ सारायला लागली. आम्ही मदत केली. खाली उखळ निघालं. दगडी, जमिनीत पुरलेलं, काठाला एक टवका गेलेला.

“ह्यो मी पाडला,” ती म्हणाली. “लगीन हून सा म्हैने झालं न्हवतं. मुसाळ कडंला बसलं. सासूनं त्या दिशी जेवाय दिलं न्हाई.”

मग तिनं उखळात मूठ घातली. भात सडताना तांदूळ वर-खाली करतात तशी मूठ त्या खळग्यात फिरवली, दोनदा. आत गाळाचं पाणी होतं. मी गुडघ्यावर बसलो आणि लेन्स जेवढं जवळ जाऊ देईल तेवढं जाऊन नऊ फोटो काढले. तिचा हात, बांगडी, उखळाचा काठ, टवका, बाजूच्या चिखलातली एक भेग. त्यातला चौथा फोटो मोठा करून दुकानात काउंटरच्या मागं लावलाय. जवळच्या फोटोंचं माझं जे काही आहे ते तिथून सुरू झालं. आजी 2012 मध्ये गेली.

गेल्या दिवाळीत आत्या आली होती. ती ठाणे जिल्ह्यातल्या पुनर्वसन वसाहतीत असते, साताऱ्याला येणं क्वचित. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवीन चष्मा करायला म्हणून दुकानात आणली. चष्मा लावून दिला तशी तिनं इकडंतिकडं बघितलं, तिचं लक्ष त्या फोटोवर गेलं. जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

“आईचा हात हाय,” म्हणाली. मग म्हणाली, “पर ह्ये उखाळ आपलं न्हवं.”

मी म्हटलं, आजीनं स्वतः ओळखलं, टवका तिनंच पाडलेला.

“आपल्या उखळाला टवका न्हवता. मी त्यात खेळलेय की. टवक्याचं ते थोरल्या चुलत्यांच्यात. तितं मधल्या आळीला. आई लगीन हून आली तवा समदी एकातच व्हती, मागनं येगळी झाली. तितं पाडला आसंल तिनं. पर ह्ये आपलं घर न्हाई, चुलत्यांचं हाय.” मग जरा थांबून, “आपलं व्हतं ते दाराच्या उजव्या हाताला. दार कुटं हाय ह्यात?”

दार नाही. त्यात दार नाही, जोतं नाही, पलीकडच्या जोत्याची ओळ नाही, मागचा डोंगर नाही. नऊही फोटो रात्री कॉम्प्युटरवर शंभर टक्के करून बघितले. एकाच्या कोपऱ्यात धूसर असा एक चौकोनी दगड आहे, तो जोत्याचा असेल किंवा नुसताच दगड असेल. वरच्या रस्त्यावरून काढलेल्या चाळीस फोटोंत ती जागा कुठंतरी आहे, एखाद्या ठिपक्याएवढी. उखळापासून दहा पावलं मागं जाऊन काढलेला एकही नाही. दहा पावलं चालायला काय लागत होतं? माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

यंदाच्या मेमध्ये मी एकटाच परत गेलो. बोटवाला दुसरा होता. पाणी हवं तेवढं उतरलेलं नव्हतं, आणि जिथं उतरलं होतं तिथं गाळाचा नवा थर. जोत्याच्या दोन ओळी सापडल्या, त्या कुठल्या आळीतल्या ते सांगणारं सोबत कुणी नव्हतं. जाताना मास्तरकडून त्याची 10 मिलिमीटरची लेन्स मागून नेली होती. त्यानं डोळे मोठे केले. “तू? कशाला हवीय?” म्हणाला. मी म्हटलं, सहज.

त्याला अजून सांगितलेलं नाही.